माझी दहा बोटं आणि लेकीचा एडिटर

माझी लेक धानावरून घसरून पडली. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो माझ्या तोंडाकडे बघतच राहतो, म्हणून नीट सांगते. आमच्या भागात कापणी-मळणी आटोपली की धान वाळवायला डांबरी रस्त्यासारखी दुसरी जागा नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. अर्धा रस्ता धानाचा, अर्धा गाड्यांचा आणि मधे सीमा म्हणून मांडलेले दगड. लेक दिवाळीनंतर सुट्टी घेऊन पुण्याहून साकोलीला घरी आली होती. तिच्या मोठ्या बाबांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, भेटायला ती सिहोऱ्याला गेली. तिथून त्यांचीच स्कूटी घेऊन शेताकडे निघाली, समोरून ट्रॅक्टर आला, त्याला जागा देता देता चाक वाळत्या धानावर गेलं आणि ही दोन्ही हात पुढे करून आपटली. उजवं मनगट मोडलं, डाव्या हाताची बोटं मुरगळली. ते धान कुणाचं, तर तेही मोठ्या बाबांचंच. स्कूटी त्यांची, धान त्यांचं, हात तेवढे माझ्या लेकीचे.

उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर आणि डाव्या पंजाला जाड पट्टी असा अवतार घेऊन ती घरी आली. मी तिला भात भरवत होते, तिची वेणी घालत होते, आणि ती लहानपणी करायची तशीच वेणी घालताना मान हलवत होती. मला खोटं कशाला बोलायचं, पहिला दिवस मला बरा वाटला. दुसऱ्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून रडताना दिसली, तेव्हा कळलं की दुखणं हाताचं नाही.

तिची नोकरी नवी होती, अजून कच्ची होती. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी दुपारी तिच्या मॅडम तिचं काम बघणार आणि तिला पक्की करायची की नाही ते ठरवणार. तिच्याबरोबर लागलेल्या एका मुलीला आधीच घरी पाठवलं होतं. आणि इकडे मोठ्या बाबांनी एक स्थळ हेरून ठेवलं होतं. माझ्या नवऱ्याने, जो धानाच्या व्यापारात कुणाचंही ऐकत नाही पण मोठ्या भावापुढे मान वर करत नाही, त्याने शब्द देऊन टाकला होता: पोरीची नोकरी पक्की झाली तर लग्नाचं नाव दोन वर्षं काढायचं नाही, आणि नाही झाली तर मुलगा बघायला बोलवायचा. म्हणजे शुक्रवारी तिकडे पुण्यात नाही, इकडे साकोलीतच निकाल लागणार होता.

मोठे बाबा हात बघायला आले. मी डोक्यावर पदर घेऊन चहा ठेवला. ते खुर्चीवर टेकून म्हणाले, "हात मोडला म्हंजे देवानंच सांगतलं समजा. आता कायले पाहिजे ते नोकरी-बिकरी? ते लोक अजून थांबून हायेत."

भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, थेट बोलायची आमच्याकडे रीत नाही. म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्याला सांगितलं, जरा मोठ्याने: "देवानं नाही पाडलं. धानानं पाडलं."

मोठ्या बाबांनी चहा अर्धा सोडला.

ते गेल्यावर मी लेकीला विचारलं, "तुयं काम उरलं किती?"

"बरंच हाय. डोक्यात सगळं हाय, आई. हात नाहीत फक्त. मोबाईलले बोलून पाह्यलं, तर तो भलतंच लिवून राहिला."

"मंग मले सांग. मी टाइप करतो."

लेक हसली. आईला हसतात तसं, प्रेमाने आणि अजिबात विश्वास न ठेवता. "आई, ते वर्ड-बिर्डसारखं नसते. काळ्या स्क्रीनवर लिवा लागते. टर्मिनल म्हणतात त्याले. माऊस नाही चालत, बटणं नाहीत. तुयाच्यानं नाही होणार."

आता हे वाक्य मला कुणी म्हणू नये. माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. लग्नाआधी मी साकोलीच्या बसस्टँडमागच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जात होते. टिनाचं छप्पर, ओळीने मांडलेली काळी मशीनं, दुपारी त्या टिनाखाली आम्ही पोरी भाजून निघायचो आणि तरी बोटं चालायची. इंग्रजी थर्टी, म्हणजे मिनिटाला तीस शब्द, पास, मराठी थर्टी पास. सर हातावर रुमाल टाकायचे, बोटांकडे बघू नका म्हणून. कुणी बघितलं तर लाकडी स्केल. दोन्ही परीक्षा पास झाले, प्रमाणपत्रं आली आणि त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. त्यानंतर मी टाइप केलेला सगळ्यात मोठा मजकूर म्हणजे भाचीच्या बारशाचा मोबाईलवरचा निरोप.

मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला, खुर्चीवर उशी घेतली आणि म्हटलं, "सांग."

लेकीने आधी तिच्या कामावरच्या सिनियरला फोन लावायला लावला. आई टाइप करणार, चालेल का, असं विचारलं. तो बिचारा बराच वेळ हसला आणि म्हणाला, चालेल, फक्त आईला पासवर्ड पाठ करायला लावू नकोस. मग मी तिचा एडिटर उघडला. काळी स्क्रीन, वर लेकीने अर्धाच सोडलेला शब्द, त्याखाली डाव्या कडेला तळापर्यंत वळवळणाऱ्या छोट्या रेघा, आणि बाकी काही नाही. कुठे चित्र नाही, कुठे बटण नाही. टिनाखालचं मशीन यापेक्षा सजलेलं होतं.

लेक म्हणाली, "लिव."

मी जोशात लिहायला लागले. लिहिलेलं काही उमटेना, उलट होता तो अर्धा शब्द गायब झाला, मग टुणकन आवाज झाला, मग खाली कसलीशी इंग्रजी तक्रार आली. मी हात वर केले. खरंच वर केले, पोलिसाने धरल्यासारखे.

"अवो आई, आधी आय दाब! आता तू हुकुमात होती."

तेव्हा तिने मला पहिला धडा दिला. या एडिटरमध्ये दोन अवस्था असतात. एकीत तुम्ही हुकूम देता, तिथे प्रत्येक अक्षर म्हणजे एक काम. दुसरीत तुम्ही लिहिता, तिथे अक्षर म्हणजे अक्षर. आय दाबला की लिहिण्यात जायचं, एस्केप दाबला की हुकुमात परत यायचं. "लिवून झालं की लगेच एस्केप, आई. लिवण्यात बसून राह्यचं नाही. इथं माणूस जास्त वेळ हुकुमातच रायते."

मी म्हटलं, "या घरात मले कोणी हुकुमात बसू देते का?" आणि आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो.

मग तिने फिरायचं कसं ते सांगितलं. डावीकडे जायला एच, खाली जायला जे, वर जायला के, उजवीकडे एल. ती सांगत होती आणि माझा उजवा हात आधीच तिथे बसलेला होता! जे, के, एल यांच्यावरच तर सरांनी आमची बोटं वर्षभर बसवून ठेवली होती. हात जागचा हलवायचा नाही, हीच तर पूर्ण इन्स्टिट्यूटची शिकवण. मी खाली गेले, वर गेले, ओळीत पळाले, परत आले, लेक तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"आई, तू पाहूनबी नाही राहिली कीबोर्डकडे?"

"पाह्यलं तर स्केल पडते," मी म्हटलं.

पण मला वेड लागलं ते यूने. मी एक ओळ चुकवली. सवयीने जीभ चावली, आता कागद काढा, रबर घासा, भोक पडलं की नवा कागद, असं सगळं मनात येऊन गेलं. लेक म्हणाली, "यू दाब." मी यू दाबला आणि चूक गेली. झालीच नव्हती अशी गेली. पुन्हा यू दाबला, त्याआधीचीही गेली. मी दाबत राहिले, सगळं मागे मागे जात राहिलं, पान सकाळचं झालं. मग तिने परत पुढे आणायचंही सांगितलं, ते सगळं पुन्हा आलं. मी ते किती वेळा केलं असेल देव जाणे. नवरा आतून ओरडला, "काय झालं, काहून हासून राहिल्या?" मी ओरडले, "अजी, चुकी वापस घेता येते!" तो म्हणाला, "बरं. चहा ठेव."

त्या दिवसापासून घरात मी यू म्हणायला लागले. वरणात मीठ जास्त पडलं, यू. दूध उतू गेलं, यू. शेजारी राहणाऱ्या चुलत जाऊबाई वाटी मागायला आल्या आणि मोठ्या बाबांच्या बाजूने बोलायला लागल्या, की मुलीच्या जातीने इतकं ताणू नये वगैरे, तेव्हा मी त्यांच्या तोंडासमोर यू म्हटलं. त्यांना काही कळलं नाही. लेक पलंगावर पालथी पडून हसत होती, आणि हात दुखतो म्हणून ओरडतही होती.

जाऊबाई तरी रोज यायच्या. त्यांना माझ्या हातांची करमणूक झाली होती. खुर्ची ओढून बसायच्या आणि शेंगा सोलत सोलत बघायच्या. डी दोनदा दाबला की अख्खी ओळ उचलली जाते आणि पी दाबला की दुसरीकडे ठेवता येते, हे मी त्यांना करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे त बरंच हाय वो. माणसं उचलता येतात का?" मी विचार करून म्हटलं, "अजून तेवढं शिकवलं नाही."

काम मात्र थट्टेचं नव्हतं. कुठल्याशा शहरात बसच्या थांब्यावर उभ्या माणसाला, बस आता कुठे आहे आणि किती वेळात येईल हे सांगणारा प्रोग्राम ती लिहीत होती. ती माझ्या शेजारी स्टुलावर बसायची, प्लास्टर टेबलावर ठेवून, डोळे मिटून ओळ सांगायची. मी टाइप करायची. माझा एक रोग पहिल्याच दिवशी उघड झाला. मशीनवर ओळ संपत आली की घंटी वाजायची, मग कागदाची गाडी उजवीकडे ढकलायची. इथे घंटी नाही, पण माझ्या कानात ती वाजतच होती. ओळ अमुक लांबीची झाली की माझा हात आपोआप एंटरवर जायचा.

"आई, ओळ तोडू नको! अजून संपली नाही!"

"घंटी वाजली ना."

"कुठं वाजली?"

मग तिने मोठा जे दाबायला शिकवला. तुटलेल्या दोन ओळी जोडतो तो. मी एवढ्या ओळी तोडल्या आणि एवढ्या जोडल्या की शेवटी कानातली घंटी कंटाळून गप्प झाली. आणि मग आमची लय लागली. ती अर्धं सांगायची, मी उरलेलं ओळखायची. ती "वर जा" म्हणायच्या आत मी वर गेलेली असायची. ऑफिसातून आधीच आलेल्या नमुन्याच्या थोड्याशा थांब्यांवर तिने प्रोग्राम चालवायला लावला, तो धावला. आम्ही दोघींनी नवऱ्याला दुकानातून बोलावून दाखवलं. त्याने चष्मा लावून काळ्या स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "कुठं हाय बस?"

गुरुवारी फक्त थांब्यांचा तक्ता राहिला होता. थांब्याचं नाव इंग्रजी अक्षरात, पुढे त्याचा नंबर, पुढे अंतर. आकडे असे मला पहिल्यांदाच टाइप करायचे होते. डोकं लावायचं काही नाही, नुसतं टाइप करायचं. लेक म्हणाली, हे तू एकटी कर, मी बसते. मला तर तेच हवं होतं. स्पीड! मी थांब्यांच्या यादीचा कागद डाव्या हाताला ठेवला, नजर कागदावर आणि बोटं मोकळी सोडली. तीस वर्षांचा गंज भराभर उतरत गेला. शुक्रवारी सकाळपर्यंत तक्ता पूर्ण झाला, आणि मी स्वतःवर इतकी खूश होते की पोह्यात साखर घालायची विसरले आणि यूसुद्धा म्हटलं नाही.

मग तिने प्रोग्राम चालवायला लावला आणि तो थांबला.

खाली लाल अक्षरं आली. लेकीने वाचलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "हे म्हणते का चौदा हा आकडा नाही."

"चौदा आकडा नाही त काय हाय? गाव हाय?"

"आई, थांब. ते ओळ काढ अन् पुन्हा लिव."

मी ओळ काढली, पुन्हा लिहिली. पुन्हा तेच. चौदा हा आकडा नाही. तिने ती ओळ बाजूला ठेवायला लावली. मग मशीन पुढच्या काही ओळी मुकाट्याने वाचून एकवीसवर अडलं. एकवीस हा आकडा नाही. तीही काढली, तर एकशे दहावर अडलं. मॅडमचा कॉल दुपारी होता. लेक स्क्रीनला नाक लावून बघत होती, आणि तिथे स्वच्छ चौदा लिहिलेलं होतं, स्वच्छ एकवीस लिहिलेलं होतं. ती म्हणाली की तिचं काहीतरी मुळातच चुकलं असणार, सगळा प्रोग्रामच चुकला असणार, आणि आता वेळ नाही. मग ती रडायला लागली. तिला डोळे पुसायला हातही नव्हते. मी पदराने पुसले. मला सारखे मोठे बाबा दिसत होते, नवी चप्पल घालून मुलाकडच्यांबरोबर आमच्या दारात उभे असलेले. मला इतका राग आला की मी स्क्रीनकडे डोळे वटारून बघायला लागले.

चौदाला अडलं. पंचवीसला नाही. छत्तीसला नाही. एकवीसला अडलं. चाळीसला नाही. एकशे दहाला अडलं.

"बाई," मी म्हटलं, "याले एक चालून नाही राहिला."

"काय?"

"ज्याच्यात एक हाय त्याच्यावरच रुसून राहिलं पाय."

लेकीने नाक ओढलं आणि पाहिलं. खरंच. मग ती हळूच म्हणाली, "आई, एक कुठं दाबतेस तू?"

मी टाइप करून दाखवला. उजव्या हाताचं चौथं बोट जिथे होतं तिथेच खाली दाबलं. आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा, सरांचं स्केल मनात असूनही, मी मान खाली घालून माझ्या बोटांकडे बघितलं. बोट एलवर होतं. मग मी वरच्या ओळीकडे बघितलं. तिथे, दोनच्या डावीकडे, एक होता. स्वतंत्र बटण, त्यावर एक छापलेला, नवा कोरा.

"हा इथं कधी आला?" मी विचारलं.

आमच्या मशीनवर वरची ओळ दोनपासून सुरू व्हायची! इंग्रजीच्या त्या जुन्या मशीनवर एकचं बटणच नव्हतं. सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, एक हवा असला की लहान एल मारा, कागदावर दोघं सारखेच दिसतात. परीक्षेतसुद्धा तसंच मारायचं. माझी बोटं इतक्या वर्षांनी जागी झाली ती सरांचं ऐकूनच जागी झाली, आणि मी सबंध तक्त्यात जिथे जिथे एक होता तिथे तिथे एल मारून ठेवला होता. स्क्रीनवरही दोघं जुळ्या भावांसारखे दिसत होते. चूक लेकीची नव्हती. प्रोग्राम ठणठणीत होता. हे कळल्याबरोबर आम्ही दोघी अशा हसत सुटलो की शेंगा घेऊन आलेल्या जाऊबाई दारातच थांबल्या, त्यांना वाटलं आमच्यापैकी कुणाला तरी डॉक्टर लागेल.

पण हसायला वेळ नव्हता. सगळे एल एका हुकुमात बदलून टाकावेत तर थांब्यांच्या नावांतही एल होते, तेही बदलले असते. आणखी बारीक हुकूम असतो म्हणे, नेमके आकड्यातलेच पकडणारा, पण लेकीला घाईत तो नीट आठवेना. ती चाचपडत होती.

मी म्हटलं, "तू गप बस. एक एक पाहून करतो."

तिरकी रेघ दाबून एडिटरला एल शोधायला सांगितला. पहिल्या एलवर गेले. तो नावातला होता, खरा होता, सोडला. एन दाबला, पुढच्यावर गेले. हा आकड्यातला. आर दाबला आणि मग वरच्या ओळीतला एक, म्हणजे त्या अक्षराच्या जागी तो बसला. एन. पुन्हा आकड्यातला. आता आर-एक मारायची गरज नव्हती, कारण नुसता डॉट दाबला की मघाचंच काम एडिटर पुन्हा करून देतो, हे मला बुधवारी शिकवलं होतं आणि तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. एन, डॉट. एन, डॉट. एन, हा खरा, सोड. एन, डॉट. हात जागेवर, नजर वर, आणि बोटांत अशी धाव आली की टाळ्यांचा ताल धरल्यासारखं झालं. लेक म्हणायला लागली, "खरा! खोटा! खोटा! खरा!" जाऊबाईंना काही कळत नव्हतं, तरी त्याही "खोटा!" म्हणायला लागल्या, आणि बहुतेक वेळा चुकत होत्या. शेवटचा एल आला, गेला. मी जपून ठेवायचा हुकूम दिला, प्रोग्राम चालवला. स्क्रीनवर थांबे भराभर खाली धावत गेले आणि कुठेही लाल अक्षर आलं नाही. मी खुर्चीवरून उठले आणि जाऊबाईंना मिठी मारली. शेंगा सगळ्या फरशीवर सांडल्या.

दुपारी कॉल झाला. लेक कॅमेऱ्यासमोर, मी बाजूला, दिसणार नाही अशी. स्क्रीन मॅडमना तिकडे दिसत होती. त्यांनी बरंच विचारलं, लेकीने धडाधड सांगितलं, आणि माझा ऊर भरून आला, कारण मला निम्मं इंग्रजी कळत नव्हतं तरी ती अडखळत नाही हे कळत होतं. मग मॅडम म्हणाल्या, एक नवा थांबा घालून दाखव, आत्ता, माझ्यासमोर. नंबर एकशे अकरा.

एकशे अकरा! जगात एवढे आकडे आहेत. मी तक्त्याच्या तळाला गेले, नवी ओळ उघडली, नाव लिहिलं, आणि नंबराला आले तसं माझं चौथं बोट एलवर दाबायला निघालं. मी त्याला हवेतच धरलं. सुईत दोरा ओवतात तसं नेम धरून वरच्या ओळीत गेले आणि एक, एक, एक असं तीनदा दाबलं. प्रोग्राम चालवला. एकशे अकरावर बस पाच मिनिटांत येणार होती.

मॅडम म्हणाल्या, "हात बरे झाले वाटतं तुझे?"

सिनियरला माहीत होतं, मॅडमना नव्हतं. मी लेकीकडे बघितलं. ती हो म्हणू शकली असती. तिने प्लास्टर वर करून दाखवलं आणि म्हणाली, "नाही मॅडम. मी सांगते, आई टाइप करते."

माझे हात मांडीवर आले. मला वाटलं, गेलं, एवढं करून शेवटी माझ्या हातांनीच घालवलं. मग मॅडम म्हणाल्या की काम कुणाच्या डोक्यातून आलं ते त्यांना मघाच्या उत्तरांवरून दिसलं, आणि हात बरे होईपर्यंत घरूनच कर, पक्कं झाल्याचं पत्र सोमवारी येईल. जाता जाता म्हणाल्या, "आईंना नमस्कार सांग." मी कॅमेऱ्यात नव्हते तरी उभी राहून नमस्कार केला.

त्यानंतर घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. नवरा दुकान सोडून धावत आला, पेढे आणायला परत धावत गेला. त्यानेच मोठ्या बाबांना फोन लावला, माझ्यासमोर, आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्या भावाला ऐकवलं, "नाही दादा. शब्द म्हंजे शब्द. दोन वर्षं नाव नाही काढायचं." मला त्या क्षणी त्याची इतकी माया आली की मी मागितला नसताना त्याला चहा दिला.

संध्याकाळी मी पुन्हा त्या टेबलाशी जाऊन बसले. लेक मागून आली. "आई, बंद कर ना आता. काम संपलं."

"तुयं संपलं," मी म्हटलं. "मले कोरं पान कसं उघडतात ते सांग."

"कायले?"

कशाला ते मलाही सांगता येत नव्हतं. मी आजवर जे जे टाइप केलं ते कुणीतरी पुढ्यात ठेवलेलं होतं. इन्स्टिट्यूटमध्ये पुस्तकातले उतारे, या आठवड्यात लेकीचं डोकं. माझी स्वतःची एक ओळ कधी नव्हती, आणि त्याचं मला कधी दुःखही झालं नव्हतं. पण आता हात गरम झाले होते, मला भारी वाटत होतं, आणि मला थांबायचं नव्हतं. तिने हुकूम सांगितला. काळं कोरं पान उघडलं. मी आय दाबला आणि कुणीही काही सांगत नसताना लिहिलं, इंग्रजी अक्षरांतच, पण आपल्या भाषेत: माझी लेक नोकरीत पक्की झाली.

लेकीने माझ्या खांद्यावरून ते वाचलं. मग दोन्ही मोडके हात माझ्या गळ्यात टाकले, आणि ते प्लास्टर माझ्या मानेला असं जोरात लागलं की मी ओरडले, आणि ती सोडेना.